त्रेपन्न की पस्तीस?

‘त्रेपन्न’ ऐकून दुसरीतले मूल गृहपाठात ३५ लिहिते, तेव्हा त्याच्या कानाचा दोष नसतो. संस्कृत ‘त्रिपञ्चाशत्’पासून आलेल्या या शब्दात तीन आधी, पन्नास नंतर, लिहिताना मात्र दशक आधी. ‘एकोणपन्नास’ त्याहून अवघड. ऐकू येतात पन्नास, लिहायचे असतात चार दशक!

नॉर्वेतही एकक आधी बोलत. दूरध्वनी क्रमांक सांगताना घोटाळे होत, म्हणून १९५१ साली तेथे अधिकृतपणे दशक पुढे आणले. (जुनी सवय बोलण्यातून अजून पुरती गेलेली नाही.) आपल्याकडे २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशा धर्तीचे वाचन दिले, तर केवढा गदारोळ झाला! वास्तविक ‘एकवीस’ही तिथेच होते. मूल अडखळले, तर आधी ‘पन्नास आणि तीन’ म्हणू द्यावे, ‘त्रेपन्न’ मागाहून.