गॅसची टाकी : भेंडीबाजार ते महागाव

आमच्या महागावकडे 'गॅस' हा शब्द आला तो स्वयंपाकघरातून नव्हे, संदलच्या मिरवणुकीतून. उरुसात, लग्नाच्या वरातीत डोक्यावर चुंबळ ठेवून तिच्यावर फुसफुसणारी पेट्रोमॅक्सची बत्ती घेऊन चालणारी माणसे असत. त्या बत्तीला लोक सरळ 'गॅस' म्हणत. "दहा गॅस सांगितले आहेत" असे वरपक्षाने म्हटले की थाट काय असणार ते कळे. बत्ती खरे म्हणजे रॉकेलची. पण नाव गॅसचेच. हे नाव उगीच पडलेले नाही. त्याच्यामागे शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो मुंबईच्या रस्त्यांवरून येतो.

हिंदुस्थानात गॅसचा दिवा पहिल्याने लावणाऱ्यांत एका हिंदी माणसाचे नाव येते ही गोष्ट आपल्या शाळेच्या पुस्तकांत सहसा नसते. मुंबईच्या गोदीतल्या जहाजबांधणीच्या घराण्यातले अर्देशीर करसेटजी वाडिया यांनी १८३४ साली माझगावातला आपला बंगला आणि बाग गॅसच्या दिव्यांनी उजळली. गव्हर्नर स्वतः ती रोषणाई पाहायला गेले होते. हेच अर्देशीर १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीचे सभासद झाले. तो मान मिळवणारे ते पहिले हिंदी. पण एका शेठजीच्या बागेत दिवे लागणे वेगळे आणि शहरात लागणे वेगळे. शहराला गॅस द्यायचा तर तो साठवावा लागतो. सगळी गोम या साठवणुकीत आहे.

दगडी कोळसा बंद भट्टीत हवेशिवाय तापवला की त्यातून जळणारा वायू निघतो. डांबर आणि अमोनियाचे पाणी वेगळे होते, मागे कोक उरतो. गंधकाचा वास काढण्यासाठी वायू चुन्यातून किंवा लोहभस्मातून गाळतात. भट्टी मात्र चुलीसारखी वाटेल तेव्हा पेटवता-विझवता येत नाही, ती रात्रंदिवस चालू ठेवावी लागते. दिवे तर सगळे एकदम मगरिबच्या सुमारास लागणार. म्हणजे दिवसभर तयार होणारा वायू कुठेतरी धरून ठेवला पाहिजे. त्यासाठी जमिनीत पाण्याचा मोठा गोल हौद बांधत आणि त्यात लोखंडाचा प्रचंड टोप उपडा ठेवत. खालून वायू सोडला की टोप वर उचलला जाई, गॅस खर्च झाला की खाली बसे. पाण्यामुळे वायू बाहेर निसटत नसे आणि टोपाच्या स्वतःच्या वजनाने नळांत दाब राही. ना पंप, ना इंजिन. टोप वाऱ्याने कलू नये म्हणून भोवती लोखंडी खांबांचा सांगाडा उभा करीत. पुढे दुर्बिणीच्या नळकांड्यांसारखे एकात एक बसणारे टोपही आले. इंग्रजांनी या टाकीला 'गॅसोमीटर' म्हटले. वास्तविक ते मापाचे यंत्र नव्हते. लाव्हाझिएच्या प्रयोगशाळेतल्या एका उपकरणाचे नाव एवढ्या मोठ्या वस्तूला चिकटले आणि तसेच राहिले.

लंडनमध्ये पहिली सनदी गॅस कंपनी १८१२ साली निघाली. हिंदुस्थानात कलकत्त्याची ओरिएंटल गॅस कंपनी १८५३ची. कलकत्त्याच्या रस्त्यांवर तिचे दिवे लागले ते जुलै १८५७ मध्ये. ही तारीख वाचताना आपण जरा थांबावे. त्याच महिन्यात दिल्लीत बहादूरशहा जफर अजून तख्तावर होते, शहर बंडवाल्यांच्या हातात होते, आणि कंपनी सरकारच्या राजधानीत चौरंगीचा रस्ता नव्या उजेडाने झळाळत होता.

मुंबईची बॉम्बे गॅस कंपनी १८६२ची. ते दिवस कापसाचे. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि पश्चिम हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. आपला वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली गेलेला होता. इथला कापूस मुंबईच्या बंदराकडे वाहू लागला. त्या पैशावर मुंबईत बँका, कंपन्या आणि सट्टा फोफावला. १८६५ मध्ये युद्ध थांबले, जुलैत सगळा फुगा फुटला, घराणीच्या घराणी बुडाली. आणि बुडालेल्या त्या शहरात, ऑक्टोबर १८६५ मध्ये, रस्त्यावर गॅसचे दिवे लागले. पहिल्या रस्त्यांत एस्प्लनेड आणि चर्चगेट स्ट्रीट ही गोऱ्यांची वस्ती होती, हे समजण्यासारखे आहे. पण त्यांच्या बरोबरीने भेंडीबाजारही होता. त्या संध्याकाळी लोकांच्या झुंडी दिवे लावणाऱ्या माणसामागून एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत चालत गेल्या, असे जुन्या नोंदींत आहे.

हा वायू साठवणारा कारखाना परळ-लालबागच्या बाजूला उभा राहिला. पुढे त्याच्या आजूबाजूला कापड गिरण्या आल्या, गिरणगाव झाले. लालबागच्या 'गॅस कंपनी लेन'चे नाव त्याचेच. या कारखान्याबद्दल लिहिताना लोक टाकीकडे पाहतात, मला मात्र जमिनीखाली पाहावेसे वाटते. वायूबरोबर नळांत वाफही येते. ती थंड होऊन पाणी साचते आणि पाणी साचले की दिवा फडफडतो, विझतो. म्हणून रस्त्याखाली जागोजागी पाणी गोळा होण्याची भांडी, म्हणजे सायफन, बसवलेले असत. माणसे हातपंप घेऊन गल्लोगल्ली फिरत आणि ते पाणी उपसत. दिवाबत्तीवाला सर्वांना दिसे, सायफनवाला कोणाला दिसत नसे.

तो दिसला तो न्यायालयात. आठवड्याच्या सुट्टीच्या मोबदल्यावरून सायफनपंप, रस्त्यातले नळ अशी बाहेरची कामे करणाऱ्या या कंपनीच्या कामगारांचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्याचा निकाल १९६४च्या निकालपत्रांत छापला आहे. कंपनीचे एक म्हणणे असे की मागणी फार जुनी झाली, आता ती ऐकू नये. न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी उत्तर दिले की औद्योगिक कलह कायद्याच्या त्या कलमात मुदतीची अट विधिमंडळाने घातलेली नाही, मग न्यायालयाने ती आपल्या पदरची घालू नये. कामगार जिंकले. थकलेल्या पगाराच्या कित्येक दाव्यांत पुढे या निकालाचा आधार घेतला गेला. शहराला उजेड देण्याचे श्रेय कंपनीच्या संचालकांना मिळाले. पण मुंबईच्या गॅसने मागे ठेवलेल्या गोष्टींत मला हा निकाल सर्वांत मोलाचा वाटतो.

आता उतरणीकडे वळू. विजेचा दिवा आला तेव्हाच गॅसचा दिवा मरायचा, पण ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअरने १८८५ साली त्याला नवे आयुष्य दिले. त्याने विशिष्ट क्षारांत भिजवलेली जाळी ज्योतीवर धरली आणि मिणमिणती पिवळी ज्योत पांढरीशुभ्र झाली. हीच आपली 'मेंटल'. तिला लागणारे थोरियम पुढे त्रावणकोरच्या किनाऱ्यावरच्या वाळूतून जाऊ लागले. तीच जाळी रॉकेलच्या वाफेवर बसवून जर्मनीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पेट्रोमॅक्स तयार झाला. जिथे नळ नव्हते, टाकी नव्हती, तिथे तो पोचला. आमच्या संदलमधल्या 'गॅस'चा खुलासा इथे होतो : शहरातला गॅस गावात कधी आला नाही, त्याची जाळी आली आणि बरोबर नाव आले.

रस्त्यांवरून गॅस हटला तेव्हा तो हॉटेलांत, दवाखान्यांत आणि ऐपत असलेल्यांच्या स्वयंपाकघरांत शिरला. गॅस कंपनीच्या शेजारच्या चाळींतून मात्र शेगडी आणि रॉकेलचा स्टोव्हच होता. १९५५च्या सुमारास तुर्भ्याला तेलशुद्धीकरणाचे कारखाने सुरू झाले आणि त्याच काळात मुंबईत सिलिंडर आला. पेट्रोलियमचा हा वायू दाबून द्रव केला की सुमारे अडीचशे पट कमी जागा घेतो. मैदानाएवढी टाकी कशाला हवी? घराघरात १४.२ किलोची टाकी पोचली. फेब्रुवारी १९७४ मध्ये बॉम्बे हाय सापडले. १९९५ साली महानगर गॅस निघाली आणि नैसर्गिक वायू पुन्हा नळाने आला, पण तो दाबाखाली येतो, लांबलचक नळ हीच त्याची साठवण असते.

बाहेर देशीही हेच झाले. उत्तर समुद्रातला वायू मिळाल्यावर ब्रिटनने १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत घरोघरच्या शेगड्या बदलल्या, मग हळूहळू टाक्या मोडल्या. लंडनला ओव्हलच्या क्रिकेट मैदानावरून दिसणारा सांगाडा वारसा म्हणून राखला गेला. व्हिएन्नातल्या १८९९च्या चार टाक्या १९८४ मध्ये बंद झाल्या, आज त्यांत लोक राहतात. जर्मनीतल्या ओबरहाउझेनची ११७ मीटर उंचीची टाकी प्रदर्शनगृह झाली. टाक्यांचे भयही खोटे नव्हते. जर्मनीतच नॉयनकिर्शनला १९३३ साली टाकीचा स्फोट होऊन ६८ माणसे गेली. जमिनीत मुरलेले डांबर तर अनेक शहरांना नंतर उपसावे लागले.

पण आमच्यासारख्या तालुक्याला या इतिहासाशी घेणे काय, असे कोणी विचारील. घेणे आहे. १८९७ साली मुंबईत माटुंग्याच्या महारोग्यांच्या आश्रमात मैलापाण्याच्या टाकीतून निघणारा वायू धरून वापरण्यात आला. नंतर जशभाई पटेलांनी गोबरगॅसचे जे यंत्र तयार केले आणि खादी ग्रामोद्योग आयोगाने १९६०च्या दशकात जे गावोगाव नेले, त्याचा लोखंडी ड्रम नीट पाहा. खाली विहिरीसारखा खड्डा, त्यात उपडा टोप, मधोमध त्याला सरळ ठेवणारा नळ. ती लालबागची टाकीच, आकाराने लहान केलेली. फरक एवढा की इथे टोपाची सील पाण्याची नसून शेणकाल्याची. घरातल्या बाईला परसात डोकावले की ड्रम किती वर आहे यावरून आज किती भाकरी होतील ते कळे. १९८१ पासून केंद्राची बायोगॅस योजना आली, अनुदाने आली. १९८४ साली दीनबंधू नावाचा विटांचा पक्का घुमट आला. तो स्वस्त, गंजत नाही, पण आत किती गॅस आहे ते बाहेरून दिसत नाही.

आपल्या घरांतून या गॅसबद्दल एक कुरबूर ऐकू येई, ती सांगितली पाहिजे. शेणाच्या वायूवर शिजलेले अन्न पाक कसे? गंमत अशी की पिढ्यान् पिढ्या याच घरांत गोवऱ्यांच्या विस्तवावर भाकरी भाजली गेली आणि कोणी विचारले नाही. हनफी फिकहमध्ये हा प्रश्न फार जुना आहे. शेण जळून राख झाली की वस्तूचे मूळ रूपच पालटते, म्हणून ती राख पाक, हे इमाम मुहम्मद यांचे मत. इमाम अबू युसूफ यांना ते मान्य नव्हते. फतवा मात्र इमाम मुहम्मद यांच्या मतावर आहे. जळलेल्या शेणाची राख जिथे पाक धरली, तिथे ज्योतीची शंका उरते कुठे? संडास जोडलेल्या यंत्रांबद्दल संकोच अधिक, आणि तो केवळ मुसलमानांत नव्हता. देहूला डॉ. मापुस्करांनी अशीच यंत्रे गावाच्या गळी उतरवण्यात आयुष्य घालवले. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

गोबरगॅसला मारले ते फिकहने नव्हे, हिशेबाने. एक घनमीटर वायूला सुमारे २५ किलो ताजे शेण लागते. चार-पाच माणसांच्या घराला रोज दोन घनमीटर, म्हणजे चार-पाच जनावरे हवीत. कापूस-सोयाबीनच्या कोरडवाहू शेतीत दुष्काळाच्या वर्षी पहिले विकले जाते ते जनावर, आणि ट्रॅक्टर आला की बैलजोडीही जाते. भूमिहीन घराला तर ही योजना कधी लागूच नव्हती, आणि आपल्या समाजात भूमिहीन किती हे वाचकांना ठाऊक आहे. त्या घरांत खरा गॅस आला तो मे २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाल्यानंतर. अर्देशीर वाडियांच्या बागेतल्या दिव्यांनंतर १८२ वर्षांनी. पहिला सिलिंडर संपल्यावर दुसऱ्याचे पैसे जुळेपर्यंत त्यांतल्या अनेक चुली पुन्हा पेटल्या, त्यासाठी कापसाच्या पऱ्हाट्या शेतात होत्याच.

लोखंडी ड्रमला दरवर्षी रंग लावला नाही तर तो पाण्याच्या रेषेशी गंजतो. बंद पडलेल्या यंत्रांचे ड्रम भंगारवाल्याने किलोच्या भावाने नेले. उरलेल्या खड्ड्यांत लोक आता शेणखत टाकतात.