‘फॉइबल’ या इंग्रजी शब्दाची अर्थपरंपरा

मनुष्यस्वभावातील उणिवांसाठी इंग्रजीत जे शब्द रूढ आहेत, त्यांत ‘फॉइबल’ या शब्दाचे स्थान काहीसे वेगळे आहे. ‘सिन’ हा ईश्वराविरुद्धचा अपराध. ‘व्हाइस’ म्हणजे दुराचार. ‘फ्रेल्टी’ या शब्दाच्या मुळाशी ‘मोडणे’ या अर्थाचा लॅटिन धातू असल्यामुळे त्यात मोहापुढे भंगून जाण्याची कल्पना आहे, आणि मध्ययुगीन धर्मोपदेशाची छायाही आहे. ‘फॉइबल’ला असा कोणताच धाक नाही. एखाद्या विद्वानाचे स्वतःच्या हस्ताक्षरावरील प्रेम किंवा पदव्यांचा सोस यांना हा शब्द लावला, तर ऐकणारा हसतो, निंदा करीत नाही. ही सौम्यता या शब्दाला कोठून प्राप्त झाली, हा प्रश्न केवळ कोशकारांचा नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातील इंग्रजी समाजाच्या अभ्यासकालाही त्याचा विचार करावा लागतो.

याचे प्रचलित उत्तर तलवारबाजीतून दिले जाते. तलवारीच्या पात्याचा मुठीकडील भाग तो ‘फोर्टे’, म्हणजे सबळ. आणि मध्यापासून टोकापर्यंतचा तो ‘फॉइबल’, म्हणजे दुर्बल. ही विभागणी तरफेच्या तत्त्वावर आधारलेली आहे. पाते मुठीपासून जितके दूर, तितका प्रतिपक्षाचा दाब सहन करणे कठीण. म्हणून कुशल योद्धा शत्रूच्या पात्याचा दुर्बल भाग आपल्या सबळ भागावर झेलतो. या अर्थाने हा शब्द इंग्रजीत १६४० नंतरच्या दशकात आढळतो, आणि स्वभावदोषाचा अर्थ त्यानंतर सुमारे पंचवीस-तीस वर्षांनी. कालक्रम असा अनुकूल असल्यामुळे शस्त्रावरून माणसावर रूपक झाले, असे मानण्याचा मोह होतो. या कल्पनेत एक सौंदर्यही आहे: दुर्बल म्हटलेला भाग म्हणजे पात्यातली भेग नव्हे, त्याच टोकाने प्राणघातक वार होतो.

परंतु सुंदर व्युत्पत्ती नेहमीच खरी असते असे नाही. फ्रेंच भाषेत हे विशेषण नाम म्हणून वापरण्याची रीत या काळापूर्वीच रुळलेली होती, व ते पात्याला, तसेच माणसाच्या मनालाही लागत असे. मोलिएरच्या ‘ल मिझांत्रोप’ (१६६६) या नाटकात, साऱ्या जगाच्या दोषांवर तुटून पडणारा आल्सेस्त आपल्या प्रेमाची कबुली देताना हाच शब्द योजतो. तेथे तलवारीचा संबंध नाही. इंग्रजीतील पुरावा त्याहून बोलका आहे. ड्रायडनच्या ‘मॅरिज आ ला मोड’ (१६७३) मधील मेलान्था ही फ्रेंच शब्दांची हौस असलेली स्त्री. तिची दासी तिला रोज नवे फ्रेंच शब्द पुरविते, आणि त्या दिवसाच्या यादीत ‘फॉइबल’ आहे. दुसरा चार्ल्स १६६० मध्ये परतल्यानंतर दरबारात फ्रेंच रीतीभातींना जो बहर आला, त्याची ही थट्टा होय. तेव्हा हा अर्थ आखाड्यातून नव्हे, दिवाणखान्यातून आला, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. पात्याचा आणि स्वभावाचा असे दोन्ही अर्थ एकाच फ्रेंच शब्दाची भावंडे आहेत; एक दुसऱ्याचा जनक नव्हे. ज्या समाजात दोषाची शिक्षा नरकवासापेक्षा उपहासाची अधिक, त्या समाजाला असा शब्द हवाच होता.

शब्दाचे मूळ मात्र अश्रूंत आहे. लॅटिन ‘फ्लेबिलिस’ म्हणजे ज्याच्यासाठी रडावे असा. पुढे दोन ‘ल’कारांपैकी पहिला गळून जुन्या फ्रेंचमध्ये ‘फेब्ल’, ‘फोइब्ल’ ही रूपे झाली, आणि शोचनीय या अर्थावरून दुर्बल हा अर्थ स्थिरावला. यांपैकी पहिले रूप नॉर्मन विजयानंतर इंग्रजीत येऊन ‘फीबल’ झाले. म्हणजे एकच शब्द इंग्रजांनी दोनदा उसना घेतला. रंगभूमीवर दोघांची नावेही सापडतात. शेक्सपिअरच्या ‘हेन्री चौथा, भाग दुसरा’ (मुद्रण १६००) मधील फीबल हा बायकांचे कपडे शिवणारा शिंपी. सैन्यभरतीच्या वेळी धडधाकट गडी लाच देऊन सुटतात आणि हा मात्र निर्भयपणे निघतो. त्याची दुर्बलता नावापुरतीच. काँग्रीव्हच्या ‘द वे ऑफ द वर्ल्ड’ (१७००) मधील फॉइबल ही लेडी विशफोर्टची दासी. मालकिणीविरुद्धच्या कटात ती गुप्तपणे सामील आहे, आणि त्या घरात शिरण्याची दुबळी जागा नेमकी तीच.

मराठीत ‘दौर्बल्य’ वा ‘वैगुण्य’ हे प्रतिशब्द भारदस्त असल्याने येथे जड पडतात. जित्याची जी मेल्याशिवाय जात नाही ती ‘खोड’ अर्थाने जवळची आहे, पण तिला दिवाणखान्याचा वास नाही.

खुद्द फ्रेंचांनी पुढे उच्चारास अनुसरून वर्णलेखन बदलले. अकादमीने १८३५ च्या कोशात ‘ओइ’च्या जागी ‘ऐ’ हे लेखन मान्य केले, आणि आज तेथे ‘फेब्ल’ असा उच्चार व तदनुरूप लेखन आहे. मेलान्थाने हौसेने पाठ केलेले रूप फ्रान्समध्ये लोपले, ते इंग्रजीत तेवढे शिल्लक आहे.