उशिरा दिसणारे पात्र (दूरचित्रवाणी मालिका)

उशिरा दिसणारे पात्र : दूरचित्रवाणी मालिकेत ज्याचे नाव, सवयी आणि स्वभाव इतरांच्या तोंडून वारंवार ऐकू येतात, पण जे स्वतः पडद्यावर बऱ्याच भागांनंतर, कधी कधी कित्येक वर्षांनंतर येते, असे पात्र. शेवटपर्यंत न दिसणारे पात्र हे याचेच भावंड. दोघांचा जन्म सारखाच, वाटा मात्र पुढे वेगळ्या होतात. रंगभूमीला ही युक्ती जुनीच ठाऊक आहे. ब्रँडन थॉमस यांच्या १८९२ सालच्या ‘चार्लीज आंट’ या प्रहसनात तोतया मावशीचा गोंधळ रंगात आलेला असताना खरी मावशी येऊन पोहोचते. आचार्य अत्रे यांनी याच नाटकावरून ‘मोरूची मावशी’ रचले. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये (१९६७) प्रा. दामले हे नाव पुन्हा पुन्हा निघते, पण हे गृहस्थ रंगमंचावर पाऊलही टाकत नाहीत. त्यांच्याविषयी आपल्याला जे कळते त्याहून कितीतरी अधिक कळते ते त्यांचे नाव घेणाऱ्या माणसांविषयी. उशिरा दिसणाऱ्या पात्राचे खरे कार्यही यातच आहे. न दिसणाऱ्या माणसाचे वर्णन म्हणजे वर्णन करणाऱ्याने दिलेली साक्ष असते, आणि तो माणूस प्रत्यक्ष येतो तेव्हा उलटतपासणी होते ती त्या साक्षीदाराची. नव्या चेहऱ्याचे कुतूहल क्षणात ओसरते. आपण ज्याच्यावर इतके दिवस विश्वास ठेवला त्याच्याकडे वळून पाहणे मात्र बराच काळ चालू राहते.

याचे सर्वांत समृद्ध उदाहरण ‘ट्विन पीक्स’मधील डायेन हे आहे. डेव्हिड लिंच आणि मार्क फ्रॉस्ट यांची ही मालिका एबीसी वाहिनीवर १९९० आणि १९९१ मध्ये दाखवली गेली. एफबीआयचा अधिकारी डेल कूपर खिशातल्या छोट्या टेपरेकॉर्डरवर डायेन नावाच्या स्त्रीला उद्देशून टिपणे बोलत राहतो. जेवणाचे बिल, वाटेत दिसलेली झाडे, उतरायची जागा आणि तपासातले धागे, सगळे तो तिला एकाच आपुलकीने सांगतो. ती कधी उत्तर देत नाही. डायेन अशी कोणी नाहीच, कूपरने यंत्रालाच ते नाव दिले आहे, असेही काही प्रेक्षक मानत. २०१७ मध्ये शोटाइम वाहिनीवर १८ भागांची नवी मालिका आली आणि तिच्या सहाव्या भागात, एका बारमध्ये पाठमोरी बसलेली स्त्री हाक ऐकून वळली. ती डायेन होती. भूमिका लॉरा डर्नची. जिच्याशी कूपर इतक्या मायेने बोलत होता ती सिगारेट ओढणारी, शिवराळ आणि आतून दुखावलेली निघाली. कूपरचे रूप घेतलेल्या दुष्ट प्रतिरूपाने तिच्यावर बलात्कार केला होता, हे पुढे कळते. त्याहीपुढे कळते की आपण पाहत होतो ती डायेनसुद्धा घडवलेली नक्कल होती आणि खरी डायेन दुसऱ्याच रूपात अडकून पडली होती. इतके सगळे पाहून झाल्यावर १९९० मधली ती टिपणे पुन्हा ऐकली की ती वेगळी वाटतात. समोरच्या व्यक्तीला एक शब्दही बोलू न देणारा तो जिव्हाळा किती एकतर्फी होता, हे तेव्हा प्रथमच जाणवते. जुन्या भागांतला एकही शब्द न बदलता त्यांचा अर्थ पालटणे हे दूरचित्रवाणीचे खास सामर्थ्य आहे, कारण इतकी वर्षे प्रेक्षकाच्या मनात साठून राहण्याची सवड दुसऱ्या फारच थोड्या कलांना मिळते.

विनोदी मालिकेत हीच तपासणी हलक्या हाताने होते. बीबीसीच्या ‘कीपिंग अप अपिअरन्सेस’मध्ये (१९९० ते १९९५) हायासिंथ ही बाई स्वतःच्या ‘बकेट’ या आडनावाचा उच्चार ‘बुके’ असा करण्याचा आग्रह धरते. व्हायलेट या बहिणीची मर्सिडीज आणि मोठे घर यांचा पाढा ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवते. मालिकेच्या अखेरच्या काळात व्हायलेट डोळ्यांपुढे येते, तेव्हा मर्सिडीजच्या मालकिणीचा संसार सततच्या भांडणांनी विस्कटलेला दिसतो. हायासिंथ खोटे बोलत नव्हती. काय सांगायचे आणि काय झाकायचे हे ती निवडत होती. तिचा मुलगा शेरिडन मात्र कधीच दिसत नाही, आणि तेही योग्यच आहे. त्याच्याविषयीचा तिचा भाबडा विश्वास फोनवरच्या तिच्या अर्ध्या संभाषणातूनच पुरेसा उघडा पडतो. त्यासाठी वेगळा साक्षीदार बोलवावा लागत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की हे सारे नंतर चिकटवलेले अर्थ आहेत; लेखकांनी असा काही बेत आखलेला नसतो, नट मिळाला की पात्र दिसते. आक्षेपात तथ्य आहे. ‘साइनफेल्ड’मधील न्यूमन १९९१ मध्ये आधी केवळ आवाज म्हणून आला, आणि तो आवाज मालिकेचे सहनिर्माते लॅरी डेव्हिड यांचा होता. १९९२ मध्ये वेन नाइट त्या भूमिकेत दिसू लागले; पुढे पुनःप्रसारणासाठी जुन्या भागातला आवाजही नाइट यांच्याकडून नव्याने भरून घेण्यात आला. ‘ब्रेकिंग बॅड’चे उदाहरण याहून बोलके आहे. २००९ च्या एका भागात सॉल गुडमन या वकिलाला वाळवंटात ओढून नेतात. जीव वाचवण्यासाठी तो इग्नासिओ नावाच्या कोणावर तरी दोष ढकलतो आणि तुम्हाला लालोने पाठवले का, असे भेदरून विचारतो. हा भाग पीटर गोल्ड यांनी लिहिला होता आणि तेव्हा ही दोन नावे म्हणजे नुसती नावेच होती. पण गोल्ड आणि व्हिन्स गिलिगन यांनी ‘बेटर कॉल सॉल’ ही पूर्वकथा सांगायला घेतली, तेव्हा त्या घाबरट वाक्याला त्यांनी दस्तऐवज मानले. इग्नासिओ, म्हणजे नाचो, २०१५ मध्ये आला, लालो २०१८ मध्ये. २०२२ च्या शेवटच्या पर्वात लालो सॉलच्या घरी त्याच्या डोळ्यांदेखत एका निरपराध सहकाऱ्याला गोळी घालतो, आणि त्याच रात्री लालोही मारला जातो. लालो मेल्याचे सांगितले गेल्यानंतरही कित्येक वर्षांनी वाळवंटात त्याचेच नाव सॉलच्या ओठांवर येते. म्हणजे पूर्वी केवळ गमतीची वाटलेली ती घाबरगुंडी आता न भरलेल्या जखमेसारखी दिसते. बेत आधी नव्हता, हे खरे. पण टाकून दिलेले वाक्य बंधनकारक मानून त्याच्या मापाचे आयुष्य लिहिणे हे आधी बेत आखण्यापेक्षा अधिक कष्टाचे आणि माझ्या मते अधिक प्रामाणिक काम आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कल्पनेतला माणूस नेहमीच मोठा असतो, त्याला चेहरा दिला की तो उणा पडतो, म्हणून अशा पात्राला न दाखवणेच शहाणपणाचे, असे म्हटले जाते. १९९३ साली सुरू झालेल्या ‘फ्रेझर’मधील नाइल्सची बायको मॅरिस हा यासाठीचा हमखास दाखला. निर्मात्यांचा मूळ विचार तिला काही भागांनंतर दाखवण्याचा होता, पण तोवर तिचे वर्णन इतके अचाट झाले की त्या मापाची अभिनेत्री मिळणेच अशक्य ठरले. मात्र यावरून एवढेच ठरते की अतिशयोक्तीने हाडामांसाची शक्यता संपवली तर दर्शन टाळावे. सगळीच वर्णने तशी नसतात. ‘शेरलॉक’च्या (२०१०) पहिल्याच भागात एका मरत्या गुन्हेगाराच्या तोंडून निघालेले मोरियार्टी हे नाव त्याच पर्वाच्या तिसऱ्या भागात चेहरा घेऊन येते आणि अँड्र्यू स्कॉट यांच्यामुळे ते नाव मुळीच उणे झाले नाही.

आक्षेपकांचा सर्वांत मोठा पुरावा ‘मिसेस कोलंबो’ हा आहे, पण तो नीट वाचला तर वेगळेच सांगतो. १९६८ पासून पीटर फॉक यांचा लेफ्टनंट कोलंबो संशयितांसमोर आपल्या बायकोच्या गोष्टी काढत असे, आणि त्या ऐकताना ते गाफील होत. १९७९ मध्ये एनबीसीने त्या बायकोचीच मालिका काढली. मुख्य भूमिकेत तेव्हा तेवीस वर्षांच्या केट मलग्रू होत्या. कोलंबोचे जनक रिचर्ड लेव्हिन्सन आणि विल्यम लिंक यांना हा उद्योग मान्य नव्हता. मालिकेचे नाव पुन्हा पुन्हा बदलले, पुढे नायिकेचे आडनावही बदलले आणि तेरा भागांत सगळे आटोपले. अपयश चेहरा दाखवल्यामुळे आले असे म्हणणे अपुरे आहे. ज्याने तिचे वर्णन केले होते तो कोलंबोच त्या मालिकेत कधी आला नाही. साक्षीदारच गैरहजर असल्याने पडताळायला काही उरले नव्हते. उरली ती फक्त एक अनोळखी तरुणी, जिला प्रसिद्ध आडनाव लावले होते. मूळ मालिकेने हा धडा ओळखला होता. १९९० च्या ‘रेस्ट इन पीस, मिसेस कोलंबो’ या भागात तिच्या अंत्यविधीचा देखावा खुन्याला पकडण्यासाठी रचलेला असतो आणि ती जिवंत असल्याचे शेवटी कळते. त्यानंतरही कोलंबो तिच्याविषयी बोलतच राहिला. त्याचा शेवटचा भाग २००३ मध्ये प्रसारित झाला; तोवर त्याच्या स्वतःच्या मालिकेत त्याची बायको एकदाही दिसली नाही.