सत्तावीस, बहात्तर आणि एक लाल फुली

गेल्या दिवाळीला महाराष्ट्र एक्सप्रेसने गोंदियाला गेलो होतो. एवढा लांबचा प्रवास करून माणूस घरी पोचला की त्याने दोन दिवस नुसतं खावं आणि झोपावं. पण ताईने पहिल्याच संध्याकाळी काम सांगितलं. "तू कॉम्प्युटरवाला ना? मग हिच्याकडे बघ जरा. हिचं गणित फार कच्चं आहे."

'ही' म्हणजे माझी भाची, इयत्ता दुसरी. ताईने महाजालावरचा एक फुकट गणिताचा कार्यक्रम तिला लावून दिला होता. मुलांचा आत्मविश्वास वाढतो असं त्यावरच लिहिलं होतं. बाई मराठीत संख्या बोलते, मुलीने ती टाइप करायची, मग बेरीज. वर घड्याळ टिकटिकतंय. तीन चुका झाल्या की खालच्या पायरीवर ढकलतात. पोरगी ढकलली जात जात बदकं मोजण्यापर्यंत आली होती. मी शेजारी बसलो तर म्हणाली, "मामा, तू नको बघू. मले गणित येतच नाही."

सात वर्षांच्या मुलीच्या तोंडून हे ऐकलं आणि पोटात कसंतरी झालं.

आता धंद्याची सवय. प्रोग्राम चुकत असेल तर आधी लॉग बघायचा. इथे लॉग नव्हता, म्हणून मी वहीत लिहीत गेलो. बाई म्हणाली सत्तावीस, पोरीने टाइप केलं ७२. अठ्ठावन्नला ८५. एकेचाळीसला १४. वीस, पन्नास, साठ बरोबर. बावीस आणि पंचावन्नही बरोबर (ते चुकणार तरी कसे?). छत्तीसला ६३. आपण भांडणाऱ्यांना छत्तीसचा आकडा म्हणतो, कारण ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून बसतात. हिने त्यांना समोरासमोर बसवलं होतं :)

मग आवाज बंद केला आणि कागदावर आकड्यांतच बेरजा लिहून दिल्या. २७ अधिक १२? ३९. आठच्या आठ बरोबर. म्हणजे गणित येत होतं. तिला येत नव्हतं ते श्रुतलेखन, आणि कार्यक्रम तिच्या नावापुढे 'बेरीज कच्ची' असं लिहून मोकळा झाला होता.

थोडं विषयांतर करतो. संगणकवाल्यांना हा आजार ओळखीचा आहे. मोठी संख्या साठवताना आधी मोठा भाग ठेवायचा की लहान, यावर आमच्यात हाणामाऱ्या झाल्या आहेत. १९८० च्या १ एप्रिलला डॅनी कोहेन यांनी यावर एक टिपण लिहिलं आणि दोन पक्षांना नावं दिली बिग-एंडियन आणि लिटल-एंडियन. ही नावं त्यांनी 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'मधून उचलली. अंडं जाड टोकाकडून फोडावं की बारीक, यावरून तिथले लोक लढतात. तर मंडळी, आपण मराठी माणसं लिहिताना बिग-एंडियन आणि बोलताना लिटल-एंडियन आहोत. सत्तावीस आला सप्तविंशतीवरून, आणि सात तिथेही आधीच. जर्मन आणि डच मुलांचं असंच आहे, आणि त्यांच्यातही संशोधकांना हीच उलटापालट सापडते.

शिवाय आपले शब्द काही एका साच्यातले नाहीत. दोनाचं बघा. बावीस, बेचाळीस, बावन्न, बहात्तर, ब्याऐंशी. त्यात गोंदिया. एका बाजूला बालाघाट, दुसऱ्या बाजूला राजनांदगाव. शाळेत मराठी, बाजारात हिंदी, शेजारी पोवारी. शाळेत ८९ ला एकोणनव्वद म्हणायचं आणि भाजीवाल्याकडे नवासी.

हे सगळं लिहिताना मला २०१९ चा जून आठवतोय, आणि थोडी लाजही वाटतेय. बालभारतीच्या दुसरीच्या नव्या पुस्तकात सत्तावीसच्या जोडीला 'वीस सात' असं वाचन दिलं होतं. गणित समितीच्या प्रमुख होत्या मंगला नारळीकर. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेल्या गणितज्ञ, आणि 'गणितगप्पा' लिहिणाऱ्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. जोडाक्षरं आणि उलटा क्रम यांमुळे लहान मुलं अडखळतात आणि गणिताला भितात, म्हणून एक सोपी वाटही ठेवू. जुने शब्द कोणी काढून टाकले नव्हते. पण महाराष्ट्रात जो गदारोळ झाला तो विचारू नका. मराठी बुडाली इथपासून ते मुख्यमंत्र्यांचं आडनाव आता 'फडण-दोन-शून्य' म्हणायचं का इथपर्यंत. तो विनोद मी स्वतः चार ग्रुपवर पुढे ढकलला होता. पुस्तक उघडून बघितलं नव्हतं. नारळीकर बाई २०२३ च्या जुलैत गेल्या.

असा बदल करणारे आपण पहिले नव्हतो. नॉर्वेत पूर्वी आपल्यासारखंच 'सात आणि वीस' म्हणत. टेलिफोन खात्याला नंबर सांगताना होणाऱ्या चुकांचा त्रास होता, आणि १९५१ मध्ये सरकारने अधिकृतपणे 'वीस सात' हा क्रम आणला. शाळा बदलल्या, रेडिओ बदलला, तरी घराघरांत जुना क्रम कित्येक दशकं टिकून राहिला. म्हणजे भाषा बुडत नाही, आणि फर्मानाने सरळही होत नाही.

आणि यंत्राने गणित शिकवण्याची हौस तर त्याच सुमाराची. ११ नोव्हेंबर १९५३ ला मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर मुलीच्या शाळेत वडिलांच्या भेटीच्या दिवशी गणिताच्या तासाला जाऊन बसले. उत्तर बरोबर की चूक हे मुलांना लगेच कळतच नाही, याने ते इतके अस्वस्थ झाले की घरी येऊन त्यांनी शिकवण्याचं यंत्र बनवायला घेतलं. लगेच उत्तर कळणं ही कल्पना तिथून आजच्या सगळ्या कार्यक्रमांत उतरली आहे. पण लगेच कळणारी गोष्टच चुकीची असेल तर? लाल फुली तत्परतेने सांगत होती की तुला बेरीज येत नाही.

सलमान खान (गणितवाला, आपला नव्हे) यांची गोष्ट मला जास्त जवळची वाटते. २००४ मध्ये त्यांची मामे-चुलत अशी कुणी बहीण नादिया मापांची रूपांतरं चुकली म्हणून गणितात मागे पडत होती. हे बॉस्टनला, ती न्यू ऑर्लिन्सला. फोनवरून शिकवणी सुरू झाली, मग भावंडांसाठी त्यांनी गणितं तयार करून देणारा प्रोग्राम लिहिला आणि २००६ मध्ये यूट्यूबवर व्हिडिओ टाकले. भावंडं म्हणाली, तू समोर असतोस त्यापेक्षा व्हिडिओतच बरा! कारण तिथे मागे जाऊन पाच वेळा तेच ऐकता येतं आणि कोणी 'कळलं का?' असं विचारत नाही.

असो. भाऊबीजेच्या आदल्या रात्री मी तासाभरात एक पान खरडलं. दोन चौकटी. घड्याळ नाही, पायऱ्या नाहीत, बदकं नाहीत. 'सत्तावीस' ऐकू आलं की कर्सर आधी उजव्या चौकटीत जातो. आधी ऐकू येतो तो सात उजवीकडे टाक, मग दोन डावीकडे. चुकलं तर फुली नाही. तिने टाकलेली संख्या वाचून दाखवायची: "हे झालं बहात्तर. मी सत्तावीस म्हटलं होतं." आणि अडलंच तर एक बटण, ज्यात ताईच्या आवाजात 'वीस सात' ऐकू येतं. नव्व्याण्णव आकडे रेकॉर्ड करताना ताई स्वतः दोनदा अडखळली, तेव्हापासून 'कच्चं' हा शब्द घरात कमी झाला आहे.

दोन आठवड्यांनी पुण्यात असताना फोन आला.

"मामा, तुझा गेम चुकीचा आहे."

"काहून गं?"

"तू म्हणतोस जे आधी ऐकू येते ते उजवीकडे टाक. मग एकोणनव्वद? त्यात आधी एक ऐकू येते. मी एक टाकला तर तो चूक म्हणते. त्याच्यात आठ तर ऐकूच येत नाही!"

बरोबर होतं. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत आठच्या आठ संख्यांवर माझा नियम आपटत होता, आणि मी त्या तपासल्याच नव्हत्या.

"आजोबा नवासी म्हणतात," ती पुढे म्हणाली. "त्याच्यात नऊ आहे आणि मग ऐंशी. ते चौकटीत बसते. मग तू नवासी का नाही ठेवत?"

याचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही. शनिवारपर्यंत दुरुस्त करून दे, असं बजावून तिने फोन ताईकडे दिला. आज शनिवार आहे.