बुरशीची गोळी, दुखण्याची गोळी

‘अंगावरून पांढरे जाते’ हे वाक्य आपल्याकडच्या बायका मेडिकलच्या काउंटरवर सहसा उच्चारत नाहीत. खाज, आग अंगावर काढायची आणि अगदीच असह्य झाले की घरात मागच्या वेळची एखादी गोळी उरली आहे का ते पाहायचे. पाळीच्या दुखण्यावरची गोळी मात्र पर्समध्ये असतेच. तिच्याविषयी संकोच नाही आणि धास्तीही नाही. या दोन गोळ्या एकाच दिवशी पोटात जातात तेव्हा काय घडते, हे समजून घ्यायचे तर आधी दोघींचा इतिहास वेगवेगळा पाहावा लागतो.

योनिमार्गातला हा संसर्ग बहुतेक वेळा कॅन्डिडा नावाच्या यीस्टमुळे, म्हणजे एका प्रकारच्या बुरशीमुळे होतो. ही बुरशी शरीरात एरवीही असते. प्रतिजैविकांनी तिच्या शेजारचे जिवाणू मारले, की तिला रान मोकळे मिळते. त्यामुळे १९४०च्या दशकात पेनिसिलिनचा आणि त्याच्या भावंडांचा वापर वाढला, तशी बुरशीवरच्या औषधाची निकडही वाढली. न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य विभागातल्या दोन स्त्रियांनी हे काम हाती घेतले. एलिझाबेथ हेझन न्यूयॉर्क शहरात, रेचेल ब्राउन आल्बनीत. हेझन मातीतून सूक्ष्मजीव वाढवायच्या आणि बरण्यांत भरून टपालाने पाठवायच्या. ब्राउन त्यातून सक्रिय द्रव्य वेगळे काढून पुन्हा टपालानेच परत करायच्या. १९४८मध्ये व्हर्जिनियातल्या एका मित्राच्या शेतातल्या मातीत त्यांना हवा तो सूक्ष्मजीव सापडला. त्याला त्या मित्राच्या, नोर्स यांच्या, आडनावावरून नाव मिळाले आणि औषधाला राज्याच्या नावावरून : नायस्टॅटिन. १९५०मध्ये शोध जाहीर झाला. त्यातून आलेले १.३ कोटी डॉलरहून अधिक मानधन दोघींनी स्वतःसाठी घेतले नाही, ते संशोधनाला दिले. १९६६च्या पुरात भिजलेल्या फ्लोरेन्समधल्या कलाकृतींवरची बुरशी हटवायलाही हेच औषध वापरले गेले.

आपल्या विषयाच्या दृष्टीने नायस्टॅटिनचा मोठा गुण असा, की ते आतड्यातून रक्तात जवळजवळ शिरतच नाही. जिथे लावावे तिथेच काम करते. त्यामुळे दुसऱ्या औषधाशी त्याची गाठ पडत नाही. पण हाच त्याचा दोषही होता, कारण शरीरात खोलवर गेलेल्या बुरशीपर्यंत ते पोचत नसे. गिळता येईल आणि रक्तातून सगळीकडे फिरेल अशा गोळीचा शोध चालू राहिला. १९८१मध्ये अमेरिकेत किटोकोनॅझोलला मान्यता मिळाली. पुढे फायझरच्या इंग्लंडमधल्या सँडविच येथील प्रयोगशाळेतून फ्लुकोनॅझोल आले.

ही ‘अ‍ॅझोल’ घराण्यातली औषधे बुरशीचे एक एन्झाइम बंद पाडतात. त्याच्याविना बुरशीला आपल्या पेशीचे आवरण धड बांधता येत नाही. अडचण अशी, की हे एन्झाइम सायटोक्रोम पी-४५० या मोठ्या कुळातले आहे आणि त्याच कुळातली एन्झाइमे माणसाच्या यकृतात औषधांची विल्हेवाट लावतात. जपानी शास्त्रज्ञ ओमुरा आणि सातो यांनी १९६०च्या दशकात या रंगद्रव्याला हे नाव दिले ते त्याच्या एका प्रकाशीय गुणामुळे. त्याचा कार्बन मोनॉक्साइडशी संयोग झाला, की ते ४५० नॅनोमीटरला प्रकाश शोषते. बुरशी आणि माणूस यांचे नाते इतके जवळचे असेल, असे औषध विकत घेणाऱ्याला कशाला वाटेल?

या नात्याचा झटका १९९०मध्ये अमेरिकेतल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ३९ वर्षांची एक स्त्री अ‍ॅलर्जीवरचे टर्फेनाडीन घेत होती. योनिमार्गात यीस्टचा त्रास सुरू झाला तेव्हा तिने स्वतःच्याच मनाने किटोकोनॅझोल सुरू केले. ती वारंवार बेशुद्ध पडू लागली. हृदयाच्या आलेखात ठोक्यांची जीवघेणी गडबड दिसली. एरवी टर्फेनाडीन यकृतात जवळजवळ पूर्ण बदलून जाते. किटोकोनॅझोलने तो रस्ताच अडवला आणि मूळ रसायन हृदयापर्यंत पोचले. १९९८मध्ये टर्फेनाडीन अमेरिकेच्या बाजारातून गेले. यकृत त्याचे जे रूपांतर करते तेच फेक्सोफेनाडीन आता आपल्याकडे ‘अ‍ॅलेग्रा’ म्हणून मिळते.

वेदनाशामकाची कथा इतकी नाट्यमय नाही, पण ती घरोघरची आहे. नॉटिंगहॅमच्या बूट्स कंपनीत स्ट्युअर्ट अ‍ॅडम्स आणि जॉन निकल्सन यांनी आयब्युप्रोफेन घडवले. अ‍ॅडम्सनी आदल्या रात्रीच्या दारूने चढलेल्या डोकेदुखीवर भाषणाआधी ६०० मिलिग्रॅमचा डोस स्वतःवरच अजमावला, ही गोष्ट ते स्वतः सांगत. १९६९मध्ये ब्रिटनमध्ये ते डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळू लागले आणि १९८३मध्ये चिठ्ठीविना. पुढच्याच वर्षी अमेरिकेतही तसेच झाले. ‘चिठ्ठी लागत नाही’ याचा अर्थ लोकांनी ‘कशाबरोबरही चालते’ असा लावला. हा अर्थ मात्र कोणी दिलेला नव्हता.

आयब्युप्रोफेनचा जो भाग दुखणे थांबवतो त्याची यकृतातली विल्हेवाट मुख्यतः सीवायपी-२सी-९ या एन्झाइमकडे असते. फ्लुकोनॅझोल नेमके तेच अडवते. फिनलंडमधल्या संशोधकांनी २००६मध्ये हे मोजून पाहिले. दोन दिवस फ्लुकोनॅझोल देऊन मग ४०० मिलिग्रॅम आयब्युप्रोफेन दिले, तेव्हा शरीराला मिळालेली सक्रिय भागाची एकूण मात्रा १८३ टक्के भरली, म्हणजे जवळजवळ दुप्पट. प्रयोगातले स्वयंसेवक १२ होते आणि सगळे निरोगी पुरुष. योनिमार्गाच्या संसर्गावर दिल्या जाणाऱ्या औषधाविषयीचा हा तपशील मला मुद्दाम नोंदवावासा वाटतो.

घाबरवण्याचा हेतू नाही. त्या प्रयोगातला फ्लुकोनॅझोलचा डोस पहिल्या दिवशी ४०० आणि दुसऱ्या दिवशी २०० मिलिग्रॅम होता. योनिमार्गाच्या साध्या संसर्गाला १५० मिलिग्रॅमची एकच गोळी देतात. धडधाकट बाईने तिच्यासोबत एखादी आयब्युप्रोफेन घेतली तर बहुधा काहीच होणार नाही. पॅरासिटामॉलचा निचरा मुख्यतः वेगळ्या वाटेने होतो. योनीत ठेवायच्या क्लोट्रिमॅझोलचा रक्तात जाणारा अंश फार थोडा. पण ‘सकाळी ही, रात्री ती’ या हिशेबाला अर्थ नाही, कारण सुमारे ३० तासांनंतरही फ्लुकोनॅझोलचा निम्मा भाग रक्तात शिल्लक असतो.

खरा धोका वेगळ्या बायकांना आहे. वातज्वराने हृदयाची झडप बिघडून ती बदललेल्या, रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन किंवा असेनोकुमारॉल रोज घेणाऱ्या. या औषधांची विल्हेवाटही मोठ्या प्रमाणात सीवायपी-२सी-९कडेच. फ्लुकोनॅझोलने त्यांचा जोर वाढतो. वर आयब्युप्रोफेन जठराच्या अस्तराला दुखावते, तेव्हा रक्तस्राव दोन बाजूंनी जवळ येतो. मायकोनॅझोल तर योनीत वापरले तरी वॉरफरिनचा जोर वाढवू शकते.

राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या उपचार-पद्धतीत योनिस्रावासाठी ठरलेल्या हिरव्या किटमध्ये सेक्निडॅझोलबरोबर १५० मिलिग्रॅम फ्लुकोनॅझोल असते. ते देताना ‘आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत?’ असे विचारले, तर बाई रक्तदाबाची सांगेल, झडपेची सांगेल. पर्समधली दुखण्याची गोळी ती औषधात मोजतच नाही. तिचे नाव घेऊन विचारावे लागते.