माथेरानचं सेंट पॉल आणि एक जुना शब्द

कर्जत तालुक्यातल्या माथेरानच्या डोंगरावर दोन चर्च आहेत: अँग्लिकनांनी बांधलेलं सेंट पॉल आणि दुसरं रोमन कॅथलिकांचं. मूल होऊ न देण्याच्या साधनांवरून या दोन पंथांच्या वाटा १९३० साली फुटल्या. त्या फुटीचा माग काढत गेलं, की आपण सेंट पॉलपाशीच, म्हणजे मराठी बायबलातल्या पौलापाशी पोचतो.

ज्यांना नियमशास्त्र ठाऊक नाही त्यांच्याही अंतःकरणात एक साक्षीदार असतो, असं पौलाने रोमकरांना लिहिलं. त्यासाठी त्याने वापरलेल्या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ 'सोबतीने जाणणं'. मराठी बायबलात तिथे 'सदसद्विवेकबुद्धी' आली. त्याच पौलाने करिंथकरांना मात्र बजावलं, की शरीर पवित्र आत्म्याचं मंदिर आहे. जारकर्म हे त्या शरीराविरुद्धचं पाप आहे. विवेक आणि पाप, दोन्ही धागे एकाच हातचे.

पाचव्या शतकात ऑगस्टीनने दुसरा धागा आवळला. अपत्याची इच्छा नसलेला संग त्याने विवाहातही लहानसं पाप मानला आणि गर्भ टाळणं तर निषिद्धच. ही बंदी शतकानुशतकं टिकली. १९३० साली लॅम्बेथ परिषदेत अँग्लिकन बिशपांनी १९३ विरुद्ध ६७ मतांनी ती सैल केली: नैतिक कारण खरं असेल तर साधनं चालतील, स्वार्थासाठी किंवा चैनीसाठी नाहीत. त्याच डिसेंबरअखेर पोप अकरावे पायस यांनी ती पुन्हा पक्की केली.

मुंबईत ही ठिणगी आधीच पडली होती. विल्सन कॉलेजात गणित शिकवणाऱ्या र. धों. कर्व्यांनी १९२१ साली संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि त्या मिशनरी कॉलेजातली नोकरी त्यांना सोडावी लागली. कर्वे ख्रिस्ती नव्हते, धार्मिकही नव्हते; पण विवेकाची किंमत त्यांनी पुरती मोजली.

१९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने विवेकाला माणसाच्या अंतरीचं देवघर मानलं. १९६८ साली पोप सहावे पॉल यांनी बंदी कायम ठेवली. कर्जत-खालापूरच्या कॅथलिकांनाही ती लागू झाली. २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी लिहिलं, की चर्चने विवेक घडवावा, त्याची जागा घेऊ नये.

मला हे मनापासून पटतं, पण विवेक म्हणजे मनमानी नव्हे. पौलाच्या शब्दात 'सोबत' आहे. बाळंतपणांनी खंगलेल्या बायकोचं दुखणं जो नवरा जाणत नाही, त्याने नियम पाळला काय, मोडला काय. त्याच्यातला साक्षीदार अजून जागा व्हायचा आहे.