नाव झाकलेली गाणी

स्मरणरंजन म्हणजे एकदा जगून झालेल्या काळाची ओढ, असे आपण गृहीत धरतो. 'नॉर्दर्न सोल' या नृत्यसंगीताचा इतिहास वाचताना हे गृहीतक टिकत नाही. १९७०च्या दशकात उत्तर इंग्लंडमधील गिरण्यांच्या आणि कोळसाखाणींच्या गावांतली कामगार तरुण मंडळी ज्या गाण्यांवर रात्रभर नाचत, ती १९६०च्या दशकातील अमेरिकेची होती. कृष्णवर्णीय गायकांनी गायलेली यांतली कितीतरी गाणी त्यांच्या स्वतःच्या देशातही खपली नव्हती. नाचणाऱ्यांपाशी या गाण्यांची आठवण असण्याचे कारणच नव्हते.

हे नाव रूढ केले पत्रकार डेव्ह गॉडिन यांनी, १९७० मध्ये. लंडनमधील त्यांच्या दुकानात उत्तरेकडून येणारे ग्राहक नव्या फंकऐवजी जुन्या, द्रुत लयीच्या तबकड्या मागत. १९७३ मध्ये विगन कॅसिनोत अखंड रात्रीचे कार्यक्रम सुरू झाले. तेथे मद्य मिळत नसे. लाकडी जमिनीवर टाल्कम पावडर टाकून मंडळी सकाळी आठपर्यंत गिरक्या घेत.

दुर्मिळ तबकडी ही तेथील प्रतिष्ठा. प्रतिस्पर्ध्याला तिचा माग लागू नये म्हणून डीजे लेबल झाकत आणि गायकाचे खोटे नाव सांगत. फ्रँक विल्सन यांचे १९६५ चे 'डू आय लव्ह यू' विगनमध्ये प्रथम गाजले ते 'एडी फॉस्टर' या नावाने. मोटाउनने त्याच्या चाचणी-प्रती काढल्या होत्या, पण तबकडी बाजारात आणलीच नाही. २००९ मध्ये तिची एक प्रत २५ हजार पौंडांहून अधिक किमतीला विकली गेली. हा व्यवहार संग्राहकांमधला होता.

साहित्याच्या अभ्यासकांना यातला पेच ओळखीचा वाटेल. रसिकांनी संहिता वाचवली, पण तिच्या प्रसारासाठी कर्त्याचे नाव खोडले. या रसिकांना केवळ लुटारू ठरवणे मात्र अन्यायाचे होईल. याच वर्तुळातून १९८२ मध्ये लंडनमध्ये केंट रेकॉर्ड्स उभी राहिली आणि जुन्या ध्वनिमुद्रणांचे हक्क रीतसर मिळवून ती खऱ्या नावांनिशी प्रसिद्ध होऊ लागली. विस्मृतीत गेलेल्या कित्येक गायकांना उतारवयात इंग्लंडमध्ये भरलेली सभागृहे लाभली.

कॅसिनो १९८१ मध्ये बंद झाला. २०२३ मध्ये बीबीसी प्रॉम्समध्ये, रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये, ही गाणी वाद्यवृंदासह सादर झाली. नाचाच्या जागाही आज ओस पडलेल्या नाहीत. गाणे जिवंत ठेवण्याचे श्रेय नाचणाऱ्यांना देताना, ते कोणाच्या गळ्यातून आले हेही त्याच वाक्यात सांगणे, एवढे तरी आपल्याकडून घडावे.